फुगलेल्या शिरांवर लेझर की आरएफ? सांगली-मिरजेत उपचार घेऊ पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

सांगलीतील विश्रामबाग भागात आमचे औषधांचे दुकान आहे आणि त्याच्या काउंटरमागे मी १९ वर्षे उभी आहे. या काळात व्हेरिकोज व्हेन्सचे, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचे, घट्ट मोजे मी किती जणांना विकले याची मोजदाद नाही. माझ्या स्वतःच्या डाव्या पायाकडे मात्र, साडी घोट्यापर्यंत असल्यामुळे, कोणाचे लक्ष गेले नाही आणि मीही ते जाऊ दिले नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटरीवर उमटलेल्या हिरवट दोरीचा हळूहळू गुंता झाला, संध्याकाळी पाय दगडासारखा जड होऊ लागला, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून खाजू लागली, तेव्हा कुठे मी डॉक्टरांची पायरी चढले. प्रत्यक्ष उपचार पाऊण तासात आटोपला. तिथवर पोहोचायला मात्र सव्वादोन वर्षे लागली आणि त्यातील बहुतेक काळ एका अपुऱ्या तपासणीमुळे वाया गेला. मी डॉक्टर नाही. येथे लिहिलेले वाचून निर्णय घेण्याऐवजी, डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांचे बोलणे नीट समजावे आणि योग्य प्रश्न सुचावेत, एवढ्यासाठी याचा उपयोग करावा.

१. आधी दुखण्याचे मूळ समजून घ्या

पायातील रक्त हृदयाकडे परत चढते ते मुख्यतः स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरांमधून. कातडीखालच्या शिरांकडे या कामाचा जेमतेम दहावा भाग असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात, रक्त वर ढकलले जाते आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात. ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे सांगायला नको: मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते. शिरेतील झडप गळू लागली की रक्ताचेही तसेच होते. ते खाली साचते, शीर ताणली जाते, ताणल्यामुळे खालची झडपही मिटेनाशी होते, आणि वर्षानुवर्षे तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायात हे चक्र वेगाने फिरते. घराण्यात हे दुखणे असेल तर त्याची शक्यता आणखी वाढते.

बहुतेक रुग्णांत गळणारी शीर म्हणजे मोठी सॅफिनस शीर. ती घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाते आणि तेथे खोल शिरेला मिळते. पोटरीच्या मागून गुडघ्याच्या खाचेकडे जाणारी छोटी सॅफिनस शीर हे दुसरे नेहमीचे ठिकाण. पोटरीवर दिसणारा गुंता ही या शिरेची फांदी असते; गळती वर, पुष्कळदा जांघेशी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. केवळ दिसणाऱ्या गाठींवर इंजेक्शने घेऊन मोकळे झालेले रुग्ण वर्षभरात पुन्हा आमच्या काउंटरवर मोजे मागायला येतात, ते यामुळेच.

डॉक्टर आजाराची पायरी 'सी' या अक्षराने लिहितात. सी१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी२ फुगलेल्या शिरा, सी३ सूज, सी४ कातडीचा रंग बदलणे किंवा इसब, सी५ भरून आलेला व्रण आणि सी६ उघडा व्रण. मी सी४ वर होते. केस पेपरवर ही पायरी लिहून घ्या. विम्याच्या वेळी तिचे मोल कळते.

२. डॉप्लर उभे राहूनच करून घ्या

डॉप्लर म्हणजे शिरांतील रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. माझा तोटा या पायरीवर झाला. पहिल्यांदा मी ज्या केंद्रात गेले तेथे मला टेबलावर आडवे झोपवून दहा मिनिटांत तपासणी उरकली गेली आणि 'डीव्हीटी (खोल शिरेतील गुठळी) नाही, नॉर्मल' असा शेरा हातात पडला. शेरा खोटा नव्हता. खोल शिरांत गुठळी नव्हतीच. पण झडपा गळतात की नाही हे त्या दिवशी कोणी पाहिले नव्हते. 'नॉर्मल' हा शब्द वाचून मी निर्धास्त झाले आणि पावणेदोन वर्षे नुसते मोजे चढवत राहिले.

आडवे झोपल्यावर रक्ताला खाली कोसळायला उतारच उरत नाही, त्यामुळे गळती नीट दिसत नाही. मिरजेत दुसऱ्या तपासणीच्या वेळी मला एका बुटक्या लाकडी स्टुलावर उभे केले, भार उजव्या पायावर घ्यायला सांगितला आणि डावा पाय सैल सोडायला लावला. जांघेशी गार जेल लावून डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि दुसऱ्या हाताने माझी पोटरी दाबली. पडद्यावर निळा रंग वर सरकला. पोटरी सोडताच त्याच नळीत लाल रंग उतरू लागला आणि उतरतच राहिला. यंत्रातून येणारा आवाज पाटाचे दार उघडल्यासारखा होता. कातडीखालच्या शिरेत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक टिकला तर झडप निकामी मानतात. माझा तीन सेकंदांहून अधिक टिकला.

म्हणून तारीख घेतानाच फोनवर विचारा: "शिरांच्या झडपांची, उभे राहून करायची डॉप्लर करता का?" नुसते "पायाची डॉप्लर" म्हटले तर कधी धमन्यांची तपासणी होते, कधी गुठळीपुरती. अहवालात पुढील बाबी आल्या आहेत का, हे केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी पाहा:

- खोल शिरा मोकळ्या आहेत किंवा नाहीत
- जांघेत आणि गुडघ्यामागे सॅफिनस शिरा जेथे खोल शिरेला मिळतात त्या सांध्यापाशी उलटा प्रवाह किती सेकंद टिकतो
- सॅफिनस शिरेचा व्यास, मिलिमीटरमध्ये
- गळती कोठून कोठपर्यंत आहे आणि खोल शिरेशी जोडणाऱ्या शिरांपैकी कोणत्या गळतात
- शीर सरळ आहे की वेडीवाकडी, आणि कातडीपासून किती खोल आहे

शेवटची बाब बहुतेक अहवालांतून गळते, पण लेझरची तार शिरेतून वर जाईल की नाही हे तिच्यावरच ठरते.

३. उष्णतेचे दोन मार्ग आणि त्यांच्या शेजारचे पर्याय

दोन्ही मार्गांचे तत्त्व एकच आहे. सोनोग्राफीत पाहत, सुईएवढ्या छिद्रातून नादुरुस्त शिरेत बारीक तार सरकवायची, आतून उष्णता देऊन शिरेची भिंत आकसवून टाकायची आणि रक्ताला निरोगी खोल शिरांची वाट धरायला लावायची. बंद झालेली शीर पुढील काही महिन्यांत शरीरात विरून जाते.

लेझरमध्ये प्रकाशाची ऊर्जा वापरतात. जुनी यंत्रे ८१० किंवा ९८० नॅनोमीटर तरंगलांबीची असत. आता बहुधा १४७० नॅनोमीटरचे यंत्र आणि चहूबाजूंनी प्रकाश फेकणारी 'रेडियल' तार वापरतात, ज्यात नंतरचे दुखणे आणि काळेनिळे डाग तुलनेने कमी असतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे ज्याला सगळे आरएफ म्हणतात त्यात, कॅथेटरच्या, म्हणजे शिरेत सरकवलेल्या बारीक नळीच्या, टोकाचा सुमारे ७ सेंटीमीटरचा भाग १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एका जागी २० सेकंद उष्णता द्यायची, कॅथेटर मागे ओढायचा, पुन्हा २० सेकंद, अशा टप्प्यांनी शीर बंद करतात.

दोहोंत श्रेष्ठ कोण, यावर आमच्या दुकानाच्या पायरीवर सुद्धा वाद झडतात. माझे मत असे की डॉक्टरांचा हात ज्या यंत्रावर बसला आहे ते यंत्र चांगले. शीर बंद होण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच आहेत. फरक विचारायचाच असेल तर तरंगलांबी आणि तारेचा प्रकार विचारावा.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात क्रम स्पष्ट आहे: सॅफिनस शीर गळत असेल तर आधी लेझर किंवा आरएफ, ते शक्य नसेल तर फेसाचे (शीर बंद करणारे औषध फेसाळून दिलेले) इंजेक्शन, तेही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया. इतर उपचार शक्य असताना केवळ मोजे हा उपचार म्हणून देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. मोजे विकणाऱ्या बाईने हे लिहिणे जरा विनोदी आहे, पण ते खरे आहे. मोज्यांनी सूज आणि जडपणा कमी होतो. गळकी झडप दुरुस्त होत नाही.

पोटरीवरच्या वेड्यावाकड्या फांद्यांत तार जात नाही. त्यांच्यासाठी त्याच बैठकीत किंवा काही आठवड्यांनी फेसाचे इंजेक्शन देतात, अथवा बारीक छिद्रांतून त्या ओढून काढतात. वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवण्याचाही पर्याय आहे; त्यात उष्णता नाही आणि शिरेभोवती भुलेची इंजेक्शने लागत नाहीत, पण ते साहित्य महाग पडते.

"पुढे हृदयाची बायपास करावी लागली तर पायाची शीर कोठून आणायची?" असा प्रश्न आमच्याकडे हटकून येतो. फुगून वेडीवाकडी झालेली शीर बायपाससाठी सहसा कामाची नसते. तरीही हृदयविकार असेल तर हा प्रश्न डॉक्टरांसमोर जरूर काढा.

४. कोणी थांबावे

गरोदरपणात हा उपचार करत नाहीत. प्रसूतीनंतर काही शिरा आपोआप ओसरतात, म्हणून काही महिने थांबून मगच तपासणी करावी. खोल शिरेत ताजी गुठळी असणे, तपासणीत खोल शिरा बंद असल्याचे दिसणे, पायाच्या धमन्यांत मोठा अडथळा असणे, उपचाराच्या जागी जंतुसंसर्ग असणे किंवा रुग्णाला चालता न येणे, या अडचणी असतील तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. उपचाराआधी चार दिवस ॲस्पिरिन आपणच थांबवून येणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांच्यासाठी हा खेळ जीवघेणा ठरू शकतो.

५. डॉक्टर निवडताना

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले तेव्हापासून कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येत आले आहेत, त्यामुळे सांगलीकरांना या कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरायलाच हवी असे नाही. खर्चाची अडचण असेल तर सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करावी. हा उपचार रक्तवाहिन्यांचे सर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट (सोनोग्राफी-एक्सरेत पाहत सुई-तारेने उपचार करणारे डॉक्टर) आणि त्याचे प्रशिक्षण घेतलेले जनरल सर्जन करतात.

पहिल्या भेटीत पुढील प्रश्न विचारण्यास संकोचू नये. उपचाराच्या वेळी सोनोग्राफी कोण करणार? तार किंवा कॅथेटर नवे, सीलबंद असेल का, आणि त्याचा स्टिकर केस पेपरवर लावून मिळेल का? सांगितलेल्या रकमेत मोजे, नंतरची डॉप्लर, फांद्यांवरील उपचार आणि भुलेचा खर्च धरला आहे का? दर एका पायाचा आहे की दोन्ही पायांचा? तारेचा प्रश्न मी विचारला तेव्हा डॉक्टरांनी कपाटातून पाकीट काढून वापराची मुदत वाचून दाखवली. येथे कोणी चिडले तर उठून यावे.

"वेदना शून्य, वीस मिनिटांत घरी, पुन्हा कधीच नाही" असे फलकावर लिहिलेले दिसले तर सावध व्हा. पहिल्याच भेटीत, गळतीचा नकाशा न पाहता, दोन्ही पायांचे पॅकेज सुचवणाऱ्यांपासून अधिकच सावध व्हा.

६. कागदपत्रे आणि विमा

सोबत नेण्याची यादी मी दुकानाच्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवली होती, ती अशी:

- आधार कार्ड, आणि शासकीय योजनेसाठी रेशन कार्ड
- विम्याचे कार्ड व पॉलिसीची प्रत
- डॉप्लरचा मूळ अहवाल आणि चित्रे
- रक्ततपासण्या, ईसीजी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी
- पूर्वीच्या गुठळ्या, गर्भपात, भुलेची ॲलर्जी यांची नोंद
- पायाची छायाचित्रे, उजेडात, उभे राहून काढलेली

हा उपचार 'डे केअर' प्रकारात मोडतो, म्हणजे २४ तास दाखल राहण्याची अट नसते. परंतु अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा असते; ती पूर्ण झाली का, हे तारीख ठरवण्यापूर्वी तपासा. दावा अडकण्याचे दुसरे कारण म्हणजे 'सौंदर्यासाठी केलेला उपचार' हा शेरा. डॉक्टरांच्या पत्रात दुखणे, सूज, कातडीतील बदल, आजाराची पायरी आणि उलट्या प्रवाहाचे सेकंद स्पष्ट लिहिलेले असतील तर हा शेरा मारणे अवघड जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचाराचा नेमका प्रकार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाकडून, आधीच, शक्यतो लेखी, घ्यावे.

तारीख निवडताना आपल्याकडचे हवामानही पाहा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मांडीपर्यंतचा मोजा दिवसभर घालणे ही शिक्षाच आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव असलेल्या नदीकाठच्या लोकांनी जुलै-ऑगस्टही टाळावा, कारण पहिल्या काही दिवसांतील डॉप्लर चुकवून चालत नाही. मी डिसेंबर निवडला.

७. उपचाराच्या दिवशी

सैल कपडे आणि सैल चप्पल घाला, सोबत एक माणूस न्या. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परतू नये. जेवणाबद्दल रुग्णालय सांगेल तसे करा. आधी उभे करून मार्करने पायावर शिरा रेखतात, कारण आडवे झाल्यावर त्या लपतात. मग गुडघ्याजवळ एक बधिर करणारी सुई टोचून तार आत सरकवतात आणि तिचे टोक जांघेच्या सांध्यापासून सुमारे दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवतात.

यानंतरचा भाग कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. शिरेच्या दोन्ही अंगांनी, जांघेपासून गुडघ्यापर्यंत, थंड सलाईनमध्ये लिग्नोकेन, ॲड्रिनालिन आणि सोडा बायकार्ब मिसळलेले द्रावण सुयांनी भरतात. त्या दहा-बारा टोचण्या हाच सगळ्या उपचारातील त्रासाचा भाग आहे. मांडी आतून गार आणि टम्म होते. या द्रावणामुळे पाय बधिर होतो, शीर तारेवर घट्ट दाबली जाते आणि कातडी व शेजारचा मज्जातंतू उष्णतेपासून दूर राहतो. पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल सुचवली गेली तर कारण विचारा. त्यात तुम्हाला लगेच उठून चालता येत नाही.

लेझर असेल तर खोलीतील सर्वांना, तुम्हालाही, गडद चष्मा देतात. प्रत्यक्ष उष्णता देण्याला काही मिनिटे लागतात. मला जीभेवर जळकट चव जाणवली, दुखले मात्र काही नाही. नंतर पट्टी, मोजा आणि लगेच अर्धा तास चालणे.

८. पुढचे पंधरा दिवस

घरी आल्यावर अंथरूण धरू नका. सासूबाईंनी प्रेमाने गादी घालून ठेवली होती, पण चालण्यामुळेच पोटरीचा पंप चालू राहतो आणि गुठळीचा धोका कमी होतो. दर तासाला थोडे चालावे, एका जागी उभे राहणे टाळावे, बसल्यावर पाय वर ठेवावेत. काउंटरवरचे बसून करायचे काम मी तिसऱ्या दिवशी सुरू केले. जड उचलणे, तेल लावून चोळणे, गरम पाण्याने शेकणे आणि लांबचा प्रवास डॉक्टर सांगतील तोवर बंद.

साधारण आठवड्याभराने मांडीच्या आत ताणलेली दोरी असल्यासारखे वाटते. घाबरू नका, ती आकसत चाललेली शीर असते. निळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. उष्णता गुडघ्याखाली दिली असेल तर मज्जातंतू दुखावून घोट्याशी बधिरपणा राहू शकतो. तो बहुधा काही महिन्यांत कमी होतो.

आता मोज्यांबद्दल, कारण हा माझा विषय आहे. माप सकाळी, सूज येण्यापूर्वी घ्यावे: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, मांडीचा घेर आणि पायाची लांबी. मी स्वतः कपाटातून 'मीडियम' काढून वर्षभर वापरला आणि एके दिवशी माप घेतले तर 'लार्ज' निघाले. नेहमी लिहून दिला जाणारा दुसऱ्या श्रेणीचा मोजा घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब देतो. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी धमन्या तपासल्याशिवाय तो घालू नये. वरची कड कधीही दुमडू नका. दुमडलेली कड दोरीसारखी आवळते. चढत नसेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात घालून तळव्याने वर सरकवा, माझ्या जावेने शोधलेली ही युक्ती मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते. किती दिवस घालायचा, हे डॉक्टरागणिक बदलते. चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या.

पहिल्या आठवड्यातील डॉप्लर, पाय छान वाटत असला तरी, चुकवू नका. शीर बंद झाली का आणि बंद केलेल्या शिरेतील गुठळीचे टोक खोल शिरेत सरकले नाही ना, हे तिच्यातच दिसते.

९. धावपळ करावी अशी लक्षणे

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखले, ताप आला किंवा छिद्रातून पू दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचार झालेला नसेल आणि फुगलेली शीर फुटली, तर रक्ताची चिळकांडी उडते. मार्केट यार्डातील हळदीची पोती वाहणाऱ्या एका हमालाच्या बाबतीत हे झाले तेव्हा सोबत्यांनी गुडघ्याच्या वर टॉवेल करकचून बांधला आणि रक्त वाढले, कारण परतीची वाट आवळली गेली होती. अशा वेळी माणसाला आडवे करावे, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच धरावा, स्वच्छ कापडाने थेट छिद्रावर दहा मिनिटे सलग दाबावे आणि मगच पट्टी बांधून रुग्णालयात न्यावे.

१०. सहा महिन्यांनी

एक बंद केलेली शीर क्वचित पुन्हा उघडते, आणि दुसरी एखादी नव्याने गळू शकते. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा स्टुलावर उभे राहायचे. माझ्या घोट्याचा काळेपणा पुरता गेलेला नाही, खाज मात्र थांबली. गेल्या तपासणीत उजव्या पायाच्या छोट्या सॅफिनस शिरेत पाऊण सेकंदाची गळती दिसली आहे. त्रास नाही, त्यामुळे डॉक्टरांनी तूर्त नुसते लक्ष ठेवायला सांगितले आहे, आणि काउंटरमागे आता एक उंच स्टूल आणून ठेवले आहे.